करपा कीं हरण्या?

सत्यनारायणाच्या पूजेस ज्यांच्या घरीं केळीचे खुंट लागतात, त्या वाचकांस केळीच्या पानाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच पानावर डाग पडला म्हणजे तो कोणाचा, हें सांगणें तितकें सोपें नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आम्ही धुळ्याहून जळगांवमार्गें रावेरास एका आप्तांकडे गेलों होतों. त्यांच्या बागेंत आजारी पानें दोन तऱ्हेचीं होतीं आणि बुरशीनाशक मात्र सर्वत्र एकच फवारलेलें. एका बाजूस गुण आला. दुसऱ्या बाजूस खर्च तेवढा झाला.

पहिला रोग करपा. त्याच्या डागावरील कण सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां बुरशीचे लांबट, आडव्या पडद्यांनीं खण पाडलेले बीजाणू दिसतात. पण एवढ्यानें भागत नाहीं. या करप्याची एक काळी, अधिक घातक भावंड-जात १९६३ सालीं फिजी बेटांत ओळखली गेली. तिच्या बीजाणूच्या बुडाशीं जाड वण असतो, आपल्या पिवळ्या करप्यास तो नसतो. एवढ्याशा वणावरून जात ठरते! नांवांची कथा तर मौजेची आहे. झिमरमन यांनीं १९०२ मध्यें जावा बेटांतील या बुरशीस सर्कोस्पोरा म्युसी म्हटलें. तिची लैंगिक अवस्था सांपडल्यावर १९४१ मध्यें मायकोस्फेरेला म्युसिकोला हें दुसरें नांव पडलें. माहेरचें एक, सासरचें एक! ‘एक बुरशी, एक नांव’ हा नियम २०११ सालीं झाला आणि आतां ती स्यूडोसर्कोस्पोरा म्युसी म्हणून ओळखली जाते.

दुसरा रोग हरण्या. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा सडूं लागतो. येथें आमचा नेहमींचा सूक्ष्मदर्शक हात टेकतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले, तर त्यांतील सुमारें दोनशें भागांहून लहान वस्तु प्रकाशाच्या साह्यानें स्पष्ट दिसत नाहीं. हा विषाणू अवघा एकोणतीस भागांचा. त्यास पाहण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, अथवा रक्तरसाच्या परीक्षेनें त्यास ओळखावें लागतें. त्याचें नांव काकडी मोझॅक. केळीच्या रोगास काकडीचें नांव ऐकून आमचे आप्त हंसले. पण तो प्रथम काकडीवर वर्णिला गेला, काकडीच्या वेलांत आजही वस्ती करतो आणि मावा त्यास तेथून केळीवर आणतो. बुरशीच्या औषधास तो दाद देत नाहीं. रोगी झाड मुळासकट उपटून नष्ट करणें एवढाच उपाय.

हंसणें तेथेंच थांबलें. बागेच्या बांधावर घरच्यापुरते म्हणून लावलेले काकडीचे वेल चांगलेच फोफावले होते. ते त्यांनीं त्याच संध्याकाळीं स्वतः उपटले; केळी उपटण्यास मात्र गड्यांना सांगितलें आणि आपण घरांत जाऊन बसले.