तराफ्याची शिल्लक

तळ्यातली जलपर्णी काठावरून ओढली, तर काठ तेवढा मोकळा होतो. मधली राहते आणि पुन्हा पसरते. म्हणून आम्ही चिंचोटीच्या बायकांनी तराफा बांधला. पहिला फसला, ते आधी सांगतो.

वाऱ्याने पडलेली काटेसावर शेताच्या बांधावर होती. ओंडके केले, साल तशीच ठेवली आणि आठवड्यात बांधूनही टाकले. दोघी बसल्या तर पाणी घोट्याच्या वर आलं. एक घसरून पडली. पाणी कमरेएवढं होतं म्हणून हसण्यावारी गेलं, पण तिला पोहता येत नाही.

चूक ओल्या लाकडाची. सावर हलकी खरी, पण वाळल्यावर. खैर तर वाळला तरी जेमतेम तरंगतो. पारख सोपी आहे. ओंडका पाण्यात टाका. जेवढा पाण्याबाहेर राहील, ती आपली शिल्लक. माणसं बसतात ती त्या शिल्लकीवर. दहा फूट लांब, आठ इंच जाड, वाळलेल्या सावरीच्या ओंडक्याची शिल्लक साधारण ५० किलो. आठ ओंडक्यांची ४००. पण गटाची सगळी शिल्लक आपण एकदम उचलतो का? आडव्या काठ्यांचं वजन असतं, लाकूड दिवसभर पाणी पितं, माणसं एका कडेला सरकतात. निम्मीच धरा. दोन बायका आणि जलपर्णीचा एक भारा, बस्स.

साल काढून ओंडके सावलीत चांगले वाळवा. मांडताना एकाचा बुंधा इकडे, तर शेजारच्याचा तिकडे, म्हणजे तराफा एका टोकाला जड होत नाही. वर तीन आडव्या काठ्या ठेवा. दोर बसेल तिथे कोयत्याने उथळ खाच पाडा, आणि प्रत्येक ओंडका प्रत्येक काठीला वेगळा बांधा. एकाच दोरात सगळे गुंफले, तर दोर एका ठिकाणी तुटला की सगळा तराफा सुटतो. नायलॉनची गाठ सरकते, तिच्यावर आणखी एक टाका. बांबूचा केलात तर खिळा मारू नका. पेरात पाणी शिरलं की ते पेर कामातून गेलं.

लाकूड मात्र आपल्या बांधावरचंच. तुंगारेश्वर अभयारण्यातली फांदीही आणायची नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. त्यात बायका आणि लेकरंही गेली. तिथे तर पुरातून सुटायची घाई होती. आपल्याला कसली घाई? तिसरीने काठावरच थांबावं. तराफ्याला बांधलेला लांब दोर तिच्या हातात असावा. तराफ्यावरच्या दोघींनी लाइफ जॅकेट घालावं आणि बसूनच काम करावं, उभं राहू नये.

पोरं विचारतात, धबधब्याच्या ओढ्यात नेऊ का? नाही. डोंगरात पाऊस पडला की तो ओढा बघता बघता फुगतो. वाहत्या पाण्यात हा तराफा काठीने आवरत नाही. तो साचलेल्या पाण्याचाच.

काम झालं की चौघींनी ओढून वर काढा आणि दगडांवर, सावलीत ठेवा. सावर लवकर कुजते. पुढच्या वर्षी बांधण्याआधी प्रत्येक ओंडका पुन्हा पाण्यात टाकून बघा. आमचे दोन ओंडके यंदा चुलीत गेले.