तबकडीबरोबर मतपत्रिका

मैत्रिणींनो, चहाच्या पुड्यावर ग्लास फुकट, साबणावर चमचा फुकट ही दुकानदाराची युक्ती आपल्याला काही नवी नाही. पण गाण्याच्या तबकडीबरोबर मतपत्रिका? घरातल्या मुली मोबाईलवर जपानी गाणी लावून नाचत असतील, तर ही हकिगत ठाऊक असलेली बरी.

तोक्योच्या अकिहाबारा भागात २००५ साली गीतकार यासुशी अकिमोतो यांनी ‘एकेबी फोर्टीएट’ हा मुलींचा गाणारा-नाचणारा संच उभा केला. २००९ ते २०१८ दरवर्षी या मुलींची निवडणूक होई. मतपत्रिका मिळे ती तबकडीसोबत. म्हणजे माणशी एक मत नव्हे बरं का, तबकडीला एक मत! मग हौशी मंडळी एकच तबकडी कितीतरी वेळा विकत घेत.

संचातली रिनो साशिहारा. एका साप्ताहिकात तिच्या जुन्या प्रेमाची बातमी छापून आली आणि २०१२ साली तिची रवानगी दूर फुकुओकाच्या संचात झाली. पोरगी खचली नाही. जून २०१३ मध्ये १,५०,५७० मतं मिळवून ती पहिली आली. त्या मानाने ऑगस्टमध्ये निघालेल्या ‘कोइसुरु फॉर्च्यून कुकी’ या गाण्यात ती मधोमध उभी राहिली. फॉर्च्यून कुकी म्हणजे पोटात भविष्याची चिठ्ठी असलेलं बिस्किट. दिसायला बेताची, पण उद्यावर भरवसा ठेवणारी मुलगी या गाण्यात बोलते. नाच इतका सोपा, की कचेऱ्यांतले कर्मचारीसुद्धा नाचले!

त्याच वर्षी जानेवारीत मात्र मिनामी मिनेगिशी या वीस वर्षांच्या मुलीने डोक्याचे केस कापून, कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागितली. गुन्हा काय? ती मित्राच्या घरी राहिल्याची बातमी आली होती. संचातल्या मुलींनी प्रेम करायचं नाही, असा दंडक.

आपण लासलगावच्या बायका. मोठा कांदा वेगळा, गोल्टी वेगळी, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. बाजार समितीत बोली लागते, भाव फुटतो. कांद्याला ते ठीक. पण मुलींची प्रतवारी? आणि जपानला हसण्याआधी आपले ‘पाहण्याचे कार्यक्रम’ आठवा. रंग, उंची, ‘जरा चालून दाखव’... ती तरी दुसरं काय होती?

तेव्हा लेकीला गाणं बंद कर म्हणून ओरडू नका. शेजारी बसा, एकदा नीट बघा. मतासाठी पैसे कोण मोजतं, ते कोणाच्या खिशात जातात, हे तिलाच विचारा. पोरी हुशार असतात, पटकन उमगतं त्यांना. मग तो हातांचा नाच तिच्याकडून शिकून घ्या. आणि हो, शेजारच्या मुलीशी तिची तुलना करून घरात तिचा नंबर लावणं आजपासून सोडून द्या.