डोंगा

डोंगा : एकाच झाडाचे खोड पोखरून तयार केलेली अरुंद व लहान होडी. पूर्व विदर्भात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत, वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या व त्यांच्या उपनद्या ओलांडण्यासाठी आणि मासेमारीसाठी डोंगा वापरण्याची जुनी परंपरा आहे. आकाराने लहान डोंग्यास ‘डोंगी’ म्हणतात. फळ्या जोडून वा लोखंडी पत्रा वाकवून केलेल्या होडीस सामान्यतः ‘नाव’ म्हटले जाते. मात्र लोकव्यवहारात पुष्कळदा तिलाही डोंगा म्हणतात. डोंगा चालविणारा तो नावाडी. हा व्यवसाय मुख्यत्वे ढीवर, भोई, केवट व कहार या समाजांकडे राहिला आहे.

नाव व पूर्वपीठिका : मराठीत ‘डोण’ हा शब्द गुरांना पाणी पाजण्याच्या कोरीव पात्रासाठी व होडीसाठीही वापरतात. तो संस्कृत ‘द्रोणी’ शब्दापासून आला आहे. लाकूड पोखरून पात्र करावे, तशीच होडी करावी, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते. डोंगा, डोंगी, डिंगी हे शब्द उत्तर व पूर्व भारतातील अनेक भाषांत थोड्याफार फरकाने आढळतात. यांतील ‘डिंगी’ हा शब्द इंग्रजांनी भारतात उचलला. पुढे तो जगभर मोठ्या जहाजाबरोबरच्या छोट्या होडीस आणि नंतर हौशी लोकांनी दिवसभराच्या सफरीसाठी वापरावयाच्या लहान शिडाच्या होडीसही लावण्यात आला.

खोड पोखरून केलेली होडी हा जलवाहनाचा अतिप्राचीन प्रकार होय. नेदर्लंड्समधील पेसे येथे सापडलेली अशी होडी इ. स. पू. सु. 8000 वर्षांची, तर नायजेरियातील डुफुना येथील होडी इ. स. पू. सु. 6000 वर्षांची मानली जाते. भारतीय वाङ्‌मयात राजा भोज (अकरावे शतक) याच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरु या ग्रंथात नौकांचे सविस्तर वर्गीकरण आहे. त्यात नदीतील ‘सामान्य’ नौकांचे दहा प्रकार दिले असून त्यांतील सर्वांत लहान नौकेस ‘क्षुद्रा’ म्हटले आहे. तिचे माप 16 हात लांब व 4 हात रुंद असे सांगितले आहे. डोंगा त्याहूनही अरुंद असतो, कारण त्याची रुंदी झाडाच्या घेरापेक्षा अधिक असू शकत नाही.

नद्यांचे स्वरूप : वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते व भंडारा जिल्ह्यातून वाहत आल्यावर पुढे चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांची सीमा बनते. पोंभुर्णा तालुक्याच्या बाजूस तिचा उजवा, तर समोर चामोर्शी तालुक्याच्या बाजूस तिचा डावा किनारा आहे. पोंभुर्णा परिसरातून वाहणारी अंधारी ही तिची उपनदी. दक्षिणेस वर्धा नदी मिळाल्यानंतर या संयुक्त प्रवाहास प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते.

या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात. हिवाळ्यात त्यांचे पात्र रुंद पण उथळ होते आणि उन्हाळ्यात वाळूच्या विस्तीर्ण पट्ट्यांतून एकदोन धारा उरतात. मध्येच खोल डोह व खडकांच्या रांगा आढळतात. अशा पात्रात तळ खोल असलेली होडी वाळूत रुतते आणि जड होडी ओढून नेणे अशक्य होते. थोड्या पाण्यात तरंगणारी, एकदोन माणसांना वाळूवरून सरकविता येणारी होडी येथे उपयोगी पडते. डोंग्याची घडण ही या गरजेतून आलेली आहे.

बांधणी : डोंग्यासाठी सरळ, बिनगाठीचे व पुरेशा घेराचे खोड निवडतात. खोडाचा वरचा भाग कुऱ्हाडीने सपाट करून आतील लाकूड वाकसाने तासून काढतात. तळ जाड व बाजू पातळ ठेवतात. तळ दगडावर घासत असल्याने त्याला जाडी लागते. शिवाय वजन खाली राहिल्याने होडी स्थिर राहते. दोन्ही टोके निमुळती, परंतु भरीव ठेवतात, कारण लाकूड प्रथम टोकांकडूनच फाटते.

लाकडाची निवड ही टिकाऊपणा व हलकेपणा यांतील तडजोड असते. सावरीचे लाकूड फार हलके व कोरण्यास सोपे, पण लवकर कुजणारे. मोहाचे लाकूड टिकाऊ, पण फार जड. सागाचे लाकूड मध्यम वजनाचे व पाण्यात दीर्घकाळ टिकणारे, परंतु महाग. वापरात नसलेला डोंगा कडक उन्हात ठेवल्यास लाकूड आकसून त्याला भेगा पडतात. म्हणून तो सावलीत किंवा उथळ पाण्यात बुडवून ठेवणे हिताचे असते. पडलेल्या भेगा चिंध्या, राळ किंवा डांबर भरून बुजवितात.

उथळ पाण्यात लांब बांबू तळाला टेकवून डोंगा पुढे ढकलतात, तर खोल पाण्यात चपट्या पात्याचे वल्हे वापरतात. प्रवाहास काटकोनात होडी नेल्यास ती खाली वाहत जाते. म्हणून नावाडी काठाकाठाने काही अंतर वर जाऊन मग तिरपा पार होतो. जास्त ओझे न्यावयाचे असल्यास दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून त्यांवर बांबूंचा ताटवा घालतात. अशा जोडीची रुंदी वाढल्याने ती सहसा उलटत नाही.

शिडाचा अभाव : कोकण किनाऱ्यावरील होडी, मचवा, पडाव इ. लहान जलवाहनांना पूर्वी डोलकाठी व तिरकस परबाणावर ताणलेले त्रिकोणी शीड असे. डोंग्याला मात्र कायमची डोलकाठी नसते. याचे कारण कौशल्याच्या अभावात नसून वारा, पाणी व होडीची घडण यांत आहे. किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे व दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. त्यांच्या आधारे मच्छीमार पहाटे बाहेर पडून त्याच दिवशी परत येऊ शकतो. विदर्भाच्या अंतर्भागात दिवसाच्या क्रमाने दिशा बदलणारा असा भरवशाचा वारा नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे नियमित वाहतात, पण त्या दिवसांत नदीला पूर असतो.

दुसरे कारण असे की, शिडावर पडणारा वाऱ्याचा दाब होडीला पुढे नेतो, तसाच आडवाही लोटतो. हा आडवा रेटा रोखण्यासाठी होडीच्या तळाला खोल कणा अथवा पाण्यात उतरणारी फळी लागते, आणि उलटू नये म्हणून पुरेशी रुंदी किंवा बाजूस तरंगणारी उलांडी लागते. कोकणातील काही अरुंद होड्यांना अशी उलांडी असते. वैनगंगेच्या उथळ पात्रात खोल कणा अडतो आणि काही शे मीटरांच्या पार होण्यासाठी उलांडीचा खटाटोप परवडत नाही. गोदावरीच्या खालच्या, रुंद व संथ टप्प्यात मात्र शिडाच्या नावा चालत. यावरून हा भेद नदीच्या स्वरूपाशी निगडित असल्याचे दिसते.

भारवहनाची मर्यादा : डोंग्याची सुरक्षितता त्याच्या पाण्यावर उरलेल्या काठाच्या उंचीवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, 6 मी. लांब व 60 सेंमी. रुंद डोंग्याचे, टोकांचा निमुळतेपणा वजा जाता, पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ सु. 3 चौ. मी. भरते. असा डोंगा प्रत्येक 30 किग्रॅ. भारामागे सु. 1 सेंमी. खाली जातो. रिकामा असताना त्याचा काठ पाण्यावर 20 सेंमी. असेल, तर प्रत्येकी 50 किग्रॅ. वजनाच्या सहा माणसांमुळे तो 10 सेंमी. आणि नऊ माणसांमुळे अवघा 5 सेंमी. उरतो. पहिल्या स्थितीत होडी सु. 18 अंश कलल्यावर काठावरून पाणी आत येते. दुसऱ्या स्थितीत त्यास सु. 9 अंशांचा कल पुरतो. एखादी व्यक्ती घाबरून उभी राहिली किंवा सर्वजण एका बाजूस सरकले, तरी एवढा कल सहज येतो. नावाडी उतारूंना तळाशी बसावयास सांगतो ते यासाठीच, कारण बसल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो.

पाण्याहून हलक्या लाकडाचा डोंगा पाण्याने भरला तरी तरंगत राहतो व बुडणाऱ्यास धरावयास आधार मिळतो. लोखंडी पत्र्याची नाव, तीत हवाबंद कप्पे नसल्यास, पाणी भरताच तळाशी जाते. लाकडाऐवजी पत्रा आला, तरी जुन्या डोंग्याच्या सवयीनेच ती चालविली जाते व हा फरक अपघाताच्या वेळीच ध्यानात येतो.

उपयोग : नदी ही जिल्ह्याची वा राज्याची सीमा असली, तरी दोन्ही काठांचे जीवन एक आहे. एका काठावरील शेतकऱ्याची जमीन, बाजार किंवा सोयरीक दुसऱ्या काठावर असते. धानाची रोवणी व कापणी, कापूस वेचणी, मिरची तोडणी या हंगामांत मजूर सकाळी नदी पार करून संध्याकाळी परततात. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूत डांगरवाड्या लावल्या जातात. त्यांची फळे काठावर आणण्यासही डोंगा उपयोगी पडतो. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी प्राचीन मंदिरसमूह असून तेथे महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. भामरागड परिसरात पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर रस्ते तोडतो, तेव्हा रुग्ण व धान्य नेण्यासाठी होडीचाच आधार उरतो.

जलमार्गाच्या योजना : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर आर्थर कॉटन यांच्या पुरस्काराने गोदावरी, प्राणहिता व वर्धा या नद्यांतून हिंगणघाटचा कापूस पूर्व किनाऱ्यावर नेण्याची योजना हाती घेण्यात आली. दुम्मागुडम, इंचमपल्ली व प्राणहितेवरील देवलमरी येथील खडकाळ अडथळे बंधारे, कालवे व जलपाश यांच्या साहाय्याने ओलांडावयाचे होते. सिरोंचा हे त्या वेळी अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. परंतु 1867 मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि कापसास जलद मार्ग मिळाला. वाढता खर्च व वर्षातील मोजक्याच महिन्यांत मिळणारे पुरेसे पाणी यांमुळे 1871 मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. पुढे 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमात वैनगंगा–प्राणहिता या नद्यांचा समावेश करण्यात आला. या दोन्ही प्रयत्नांत विचार नदीच्या लांबीचा होता. डोंग्याचा संबंध मात्र नदीच्या रुंदीशी, म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्याशी आहे.

सद्यःस्थिती : 1878 च्या वन अधिनियमानंतर मोठी वनक्षेत्रे राखीव झाली व डोंग्यास योग्य झाड तोडणे परवानगीवाचून शक्य राहिले नाही. जुन्या घेराची झाडेही विरळ झाली. त्यामुळे खोडाचा डोंगा मागे पडून फळ्यांच्या व पत्र्याच्या नावा रूढ झाल्या. मोठ्या पुलांमुळे अनेक घाटांवरील वाहतूक थांबली. परंतु दोन पुलांमधील अंतर जेथे बरेच आहे, तेथे पुलाने जाण्यास बराच वळसा पडतो व त्याच्या भाड्यात दिवसाच्या मजुरीचा मोठा भाग जातो. म्हणून मजूर होडीचाच मार्ग पत्करतात. 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथून मिरची तोडणीसाठी चंद्रपूर जिल्ह्याच्या काठाकडे निघालेल्या स्त्री-मजुरांची नाव वैनगंगेत उलटून जीवितहानी झाली. नदीला पूर नसतानाही हा अपघात घडला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 यात यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. 2006 च्या वनहक्क अधिनियमाने वनवासी समाजांचे पाण्यातील मासे व इतर उत्पन्न यांवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. मात्र काठाकाठावरील लहान घाटांवर उतारूंची संख्या ठरवून देणे, तरंगती पट्टी वा जाकिटे पुरविणे, पत्र्याच्या नावांत हवाबंद कप्पे बसविणे आणि पडावाच्या जागी बांधीव पायऱ्या करणे हे उपाय अल्प खर्चाचे असून ते स्थानिक पातळीवर करता येण्याजोगे आहेत. पाण्याची खोली, वाळूचे सरकणे व प्रवाहाचे वळण यांविषयीचे नावाड्यांचे ज्ञान पिढीजात आहे. घाट बंद पडला की ते पुढच्या पिढीकडे जात नाही. जेथे पूल होणे दूर आहे, तेथे या ज्ञानास वरील साध्या साधनांची जोड देणे हाच नदी सुरक्षितपणे ओलांडण्याचा व्यवहार्य मार्ग ठरतो.