जुळ्यांची पारख

यंदा दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या घरी आवराआवर निघाली ती माळ्यावरची नव्हे, छायाचित्रांची! माझा मोबाइल, सौ.चा मोबाइल, चिरंजीवांचा संगणक आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आईचा जुना फोन, अशी चार बिऱ्हाडे एका हार्डडिस्कवर नांदवायची होती. आईच्या फोनने तर प्रती उतरवून होताच कायमचे डोळे मिटले. मोजदाद केली, तो आकडा ३१,००० वर! गणपतीतला एकच फोटो सात ठिकाणी हजर. नवल कसले? आपण तो सर्वांना धाडतो आणि सर्व जण तो जपून ठेवतात.

‘‘बाबा, जुळी असतील ती संगणकच पुसून टाकील,’’ चिरंजीव म्हणाले.

मेख इथेच आहे. संगणक प्रत्येक फाइलचा एक ठसा काढतो. त्याला हॅश म्हणतात. दोन ठसे जुळले, की त्या फाइली तंतोतंत एक. पण व्हॉट्सॲपवरून साधेपणी धाडलेला फोटो वाटेत आक्रसतो, म्हणून त्याचा ठसा जुळत नाही. शिवाय कॅमेऱ्याने आत लिहून ठेवलेली तारीखही गळून पडते. आमची २०११ सालची महाबळेश्वरची सहल त्यामुळे २०१९ च्या खणात जाऊन बसली होती! म्हणून जुळ्यांतली मोठी, तारीखवाली प्रत ठेवावी, हे उघड आहे.

अशी आक्रसलेली भावंडे शोधायला दुसरी युक्ती असते. चित्र अगदी चिमुकले करून त्यातल्या छटा ताडून पाहायच्या. मात्र या चाळणीत नुसती सारखी दिसणारी चित्रेही सापडतात. संगणकाने आईचे दोन फोटो जुळे ठरवले, त्यांतला रेखीव ठेवला आणि हललेला पुसला. चिरंजीवांनी यादी न पाहताच बटण दाबले होते.

सौ.च्या ते ध्यानात आले. ‘‘अहो, तो दुसरा कुठं गेला? त्यात सासूबाई हात हलवून ‘पुरे रे आता’ म्हणत होत्या.’’

आम्ही दोघे बापलेक मुकाट्याने संगणकाची कचरापेटी उपसू लागलो. पुसण्याआधी सगळ्याची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी, हे शहाणपण मला तेव्हा सुचले! तासाभराने फोटो सापडला. हात अगदीच पुसट आलेला; तोंड अर्धवट उघडे.

पुढली यादी चिरंजीव एकेक चित्र उघडून पाहत आहेत. दिवाळीपर्यंत काही ते आवरत नाही.