झेरॉक्सच्या दुकानात राहून गेलेलं आधार

प्रिंटसाठी आपण आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि कागद घेऊन निघतो. फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. तिला पासवर्ड आहे, हे समाधान फसवं आहे. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. तो काउंटरवर आपणच मोठ्याने सांगतो. सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड करणं टाळा, असं पत्रक यूआयडीएआयच्या बंगळूरु कार्यालयाने मे 2022 मध्ये काढलं होतं. गैरसमज होईल म्हणून ते दोन दिवसांत मागे घेतलं गेलं. माझ्या मते सल्ला मात्र योग्यच होता.

‘नुसत्या नंबराने काय होणार?’ नुसत्या नंबराने पैसे जात नाहीत, हे खरंच. पण आधारवर चालणाऱ्या एईपीएस व्यवहारात नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघू शकतात, ओटीपीशिवाय. आणि जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून खाती रिकामी केल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. म्हणून प्रिंटसाठी मास्क्ड आधारच द्यावं. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात, आणि फाइल दुकानात राहिली तरी नंबर बाहेर जात नाही. शिवाय एमआधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करावं. रेशनला अंगठा लागतो, मग कसं करायचं, ही अडचण रास्त आहे; पण हे कुलूप तेवढ्या वेळेपुरतं उघडता येतं. मोबाइल न वापरणाऱ्या आई-आजोबांचं लॉक मात्र घरातल्या कुणीतरी आठवणीने लावून द्यायला हवं.