ध्वजदिनाचा डबा आणि सैनिकाचे घर



डिसेंबरच्या सात तारखेस आमच्या विद्यालयातील मुले हातात डबा आणि छोट्या कागदी ध्वजांची चळत घेऊन तुये गावात फिरतात. गेल्या खेपेस मीही त्यांच्याबरोबर होते. तिठ्यावरील एका दुकानापाशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी खिशातून वीस रुपयांची नोट काढली, परंतु डब्यात टाकण्यापूर्वी ती बोटांत तशीच धरून समोरच्या मुलास विचारले, "हे पयशे खंय वतात रे बाबा?"

मुलगा नववीतला आणि एरवी मोठा बोलका. पण ह्या साध्या प्रश्नाने गोंधळला. "सैनिकांक," तो कसाबसा म्हणाला.

"सैनिकांक सरकार पगार दिता, पेन्शन दिता. मगीर हो डबो कित्याक?"

मुलाने माझ्याकडे पाहिले. मलाही नीट उत्तर देता आले नाही. नोट डब्यात पडली, ध्वज त्या गृहस्थांच्या सदऱ्यावर लागला आणि आम्ही पुढे निघालो. प्रश्न मात्र माझ्या पाठोपाठ घरापर्यंत आला. दुसऱ्याच्या दारी डबा घेऊन जाणाऱ्याला त्या डब्याचा हिशेब ठाऊक नसावा, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटली. पुढे वाचून आणि विचारून जे समजले, ते तुमच्यापुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम आपण सैनिकाच्या आयुष्याचा आलेख पाहू. तो सतरा-अठराव्या वर्षी भरती होतो. शिक्षक किंवा कारकून साठीच्या आसपास निवृत्त होतो. साधा शिपाई मात्र बहुधा चाळिशीच्या आतबाहेरच घरी परततो, कारण फौजेला तरुण शरीर हवे असते. नोकरीत असताना त्यास बराकीत किंवा सरकारी निवासात जागा मिळते, आणि निवृत्तीनंतर ती सोडावी लागते. म्हणजे ज्या वयात मुलांची शिक्षणे ऐन भरात असतात, आईवडील थकलेले असतात, त्याच वयात त्यास नव्या उद्योगाचा आणि नव्या छपराचा शोध घ्यावा लागतो.

"परंतु पेन्शन असते ना?" असे तुम्ही विचाराल. पुष्कळांना असते, सर्वांना नसते. सामान्य नियमाप्रमाणे शिपायास निवृत्तिवेतन मिळण्यासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. त्याआधीच ज्याची सेवा संपली, त्यास ते मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाखांवर गेली होती. युद्ध संपताच त्यांतील बहुसंख्य लोक सेवामुक्त झाले. चार-पाच वर्षे रणांगणावर काढलेल्या ह्या माणसांच्या हाती सेवामुक्तीचे पुस्तक आणि एखादे पदक ह्यांपलीकडे फारसे काही उरले नाही. निवृत्तिवेतनाविना वृद्ध झालेल्या माजी सैनिकांचा आणि त्यांच्या विधवांचा वर्ग आजही आपल्या देशात आहे.

आता घराकडे वळू. परदेशांतील मोठ्या शहरांत बेघर माजी सैनिक रस्त्याच्या कडेला पथारी टाकून राहिलेले दिसतात. आपल्याकडे हे दैन्य बहुधा घराआड झाकलेले असते, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही. आपल्या पेडणे तालुक्यातील मातीच्या भिंतींचे आणि कौलारू छपराचे घर डोळ्यांसमोर आणा. असे घर दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते, फुटकी कौले बदलावी लागतात, वाळवीने खाल्लेला वासा काढावा लागतो. पाऊस सैनिकाच्या रजेची वाट पाहत नाही. चार पावसाळे दुर्लक्ष झाले की भिंत खचते, आणि वीस वर्षे सीमेवर राहिलेला मनुष्य परत येतो तेव्हा घराच्या जागी जोते आणि त्यावर उगवलेले रान एवढेच त्यास दिसते. जे घर उभे असते त्यात भावांचे वाटे पडलेले असतात. शिवाय गोव्यात पुष्कळ कुटुंबांची घरे भाटकाराच्या जमिनीवर आहेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांस संरक्षण दिले खरे. पण त्याचा पुरता लाभ घेण्यासाठी अर्ज, पुरावे आणि मामलेदार कचेरीतील हेलपाटे चुकत नाहीत. कर्ता पुरुष दूर लडाखला किंवा आसामात असेल, तर हे सारे कोणी करायचे? अशा रीतीने ज्याने देशाची वेस राखली, त्याच्याच घराची वेस राखायला कोणी नसते.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असे नाही, आणि ती आजची तर मुळीच नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याने १६७० साली जायबंदी व निराधार सैनिकांसाठी पॅरिस येथे 'एँव्हालीद' ही विशाल वास्तू बांधण्याची आज्ञा दिली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ साली लंडनमधील चेल्सी येथे तसेच सैनिकगृह स्थापिले. ते आजही चालू आहे. त्या काळी हे काम राजाच्या मर्जीने होई. पहिल्या महायुद्धानंतर मात्र जखमी आणि बेकार सैनिकांची संख्या इतकी वाढली की राजवाड्याचा खजिना पुरेना. तेव्हा सामान्य जनतेने पैपैसा गोळा करण्याची रीत सुरू झाली. १९२१ पासून इंग्लंडात नोव्हेंबर महिन्यात पॉपीची तांबडी फुले विकून निधी जमवू लागले. १९२२ साली त्या फुलांचा कारखानाच निघाला आणि ती करण्याचे काम जायबंदी सैनिकांकडे सोपविण्यात आले. मदत मागणाऱ्याच्या हाताला काम देऊन त्याचा मान राखण्याची ही युक्ती होती.

जेथे अशी व्यवस्था वेळेवर झाली नाही, तेथे काय घडले तेही पाहावे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकांना सरकारने बक्षिसाची रक्कम देऊ केली होती. पण ती बहुतेकांना १९४५ साली मिळायची होती. मधल्या काळात महामंदी आली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टन नगरीत आले आणि पत्रे व लाकडे यांच्या झोपड्या घालून राहिले. अखेर त्यांच्यावर फौजच घालण्यात आली आणि त्या झोपड्या जळून खाक झाल्या. सैनिकांनीच सैनिकांना हुसकावून लावल्याचे हे दृश्य अमेरिका विसरली नाही. दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वीच, १९४४ साली, तेथे परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाची व घरासाठी लागणाऱ्या कर्जाची सोय करणारा कायदा झाला.

आपल्याकडे पहिल्या महायुद्धाने महाराष्ट्रातील गावेच्या गावे रणांगणावर ओढली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ह्या एकाच गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. जे अपंग होऊन परतले त्यांच्यासाठी १९१७ साली मुंबईत एक उद्योगशाळा निघाली. हात किंवा पाय गमावलेल्या शिपायाला पोटापुरता एखादा हुन्नर शिकविणे हे तिचे काम. ही शाळा पुढे पुण्याजवळ खडकी येथे गेली. त्याच खडकीत १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. त्यांच्यासाठी ते रुग्णालय, कार्यशाळा आणि घर असे तिन्ही आहे.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्या देशातही ११ नोव्हेंबरला पॉपीची फुले विकली जात. स्वतंत्र भारताने आपली स्वतःची रीत पाडली. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरविले की, दर वर्षी ७ डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळावा. ह्या दिवशी वाटल्या जाणाऱ्या ध्वजावर तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन रंग असतात. ते भूदल, नौदल आणि वायुदल ह्यांचे. युद्धात हानी पोहोचलेल्यांचे पुनर्वसन, सेवेत असलेल्या सैनिकांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे कल्याण, आणि माजी सैनिकांचे पुन्हा बस्तान बसविणे, असे त्याचे तीन हेतू आहेत. त्या वेळी आपला पेडणे तालुका पोर्तुगीज अमलाखाली होता. तेव्हा हा ध्वज तेरेखोल नदीच्या अलीकडे येणे शक्यच नव्हते. तो आला १९६१ नंतर.

तो ज्यांच्यामुळे आला, त्यांचेही स्मरण येथे करणे उचित होईल. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त करताना अंजदीव बेटावर नौदलाचे सात नौसैनिक धारातीर्थी पडले. आग्वाद किल्ल्यातील बंदिवान सोडविण्यासाठी गेलेले मेजर शिवदेवसिंग सिधू आणि कॅप्टन विनोद सेहगल तेथेच ठार झाले. त्यांच्यासमवेत जे हजारो जवान चालून आले आणि सुखरूप परतले, त्यांतील विशीतले तरुण आज हयात असल्यास ऐंशीच्या पलीकडे गेलेले आहेत. ७ डिसेंबरचा ध्वजदिन आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन ह्यांत अवघ्या बारा दिवसांचे अंतर आहे. एका दिवशी आपण त्यांनी दिलेल्या स्वातंत्र्याचा उत्सव करतो. दुसऱ्या दिवशी त्यांचे काही देणे लागतो.

आता त्या गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हे पैसे जातात कोठे? प्रत्येक राज्यात सैनिक कल्याणाचे खाते किंवा मंडळ असते, जिल्ह्यांत त्याच्या शाखा असतात. आपल्या राज्याचे खाते पणजीत आहे. शाळा, कचेऱ्या आणि नागरिक यांच्याकडून जमलेली रक्कम ह्या मार्गाने निधीत जमा होते. सैनिकांसाठी पूर्वी निरनिराळे केंद्रीय निधी होते. १९९३ साली ते एकत्र करून 'सशस्त्र सेना ध्वजदिन निधी' स्थापण्यात आला. संरक्षणमंत्री त्याच्या व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष असतात. ह्या निधीतून खडकी व मोहाली येथील पुनर्वसन केंद्रांना साह्य मिळते, माजी सैनिकांच्या मुलांस शिक्षणासाठी अनुदान मिळते, मुलींच्या विवाहास हातभार लागतो. वीरपत्नींच्या आणि जायबंदी सैनिकांच्या गृहकर्जाच्या व्याजाचा काही भाग उचलण्याची योजनाही केंद्रीय सैनिक मंडळाने चालविली आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे साह्य म्हणजे निर्धनता अनुदान. ज्यास निवृत्तिवेतन नाही, ज्याचे वय पासष्टच्या पुढे आहे आणि जो हवालदार किंवा त्याखालील दर्जाचा होता, अशा निराधार माजी सैनिकास किंवा त्याच्या विधवेस हे अनुदान मिळते. ते दरमहा ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये करण्यात आले. आता थोडे गणित करा. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दहा रुपये दिले तर चारशे रुपये होतात. असे वीस वर्ग एकत्र आले की आठ हजार होतात, म्हणजे एका निराधार वृद्धाचा एक महिना निघतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण वहीत पुष्कळदा लिहिली आहे. येथे तिचा अर्थ आकड्यांत दिसतो.

तरीही कोणी म्हणेल, हे सारे सरकारनेच का करू नये? सरकारने आपले कर्तव्य करावेच. डबा हा त्याला पर्याय नव्हे. पण सरकारी नियम रेषा आखून चालतो. पंधरा वर्षे भरली तर निवृत्तिवेतन, चौदा भरली तर नाही. ह्या रेषेच्या पलीकडे जो राहतो, त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी समाजाचा हात लागतो. आणखी एक कारण आहे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले होते. युद्ध चालू असताना कोणाला सांगावे लागत नाही. पण तोफा थंडावल्या की आपली आठवणही थंडावते, आणि नेमकी तेव्हाच जखमी शिपायाची आणि विधवेची खरी अडचण सुरू होते. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्याला लागू पडू नये, म्हणूनच युद्ध असो वा नसो, दर वर्षी एक ठरलेला दिवस नेमला आहे.

म्हणून डबा घेऊन जाणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. डबा मोहोरबंद असावा, जमलेली रक्कम सर्वांसमक्ष मोजावी आणि भरलेल्या पैशाची पावती शाळेच्या फलकावर लावावी. एक रुपया देणाऱ्याच्या सदऱ्यावरही तोच ध्वज त्याच आदराने लावावा. कोणी न दिल्यास तोंड वाकडे करू नये; ही खंडणी नव्हे. आणि आपण भीक मागत आहोत असेही समजू नये, कारण हे ऋण आहे.

पैशाहून मोठे असे एक कामही तुम्हांला करता येईल. अनुदानाचे अर्ज आता संगणकावरून भरावे लागतात. ऐंशी वर्षांच्या आजोबांस किंवा एकट्या विधवा आजीस ते जमत नाही; तुम्हांस मात्र ते सहज जमते. आपल्या वाड्यावर कोणी माजी सैनिक किंवा त्याची पत्नी राहते का, त्यांचे सेवामुक्तीचे पुस्तक जपून ठेवलेले आहे का, पावसाळ्यात त्यांचे घर गळते का, एवढे विचारून या. निधी कितीही मोठा असला तरी गरजवंताचा पत्ता त्यास कोणीतरी सांगावा लागतो.

येत्या ७ डिसेंबरला आम्ही पुन्हा त्या तिठ्यावर जाणार आहोत. ते गृहस्थ तेथे भेटले आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा केला, तर ह्या वेळी उत्तर मी देणार नाही. ते तुम्हीच द्यावयाचे आहे.