धाकट्याचे बोल आणि गल्लीतल्या पाच भाषा

पालकसभा झाली की लहान वर्गांतल्या मुलांच्या आया एक प्रश्न हमखास विचारतात. "टीचर, घरी आमची एक बोली, शाळेत दुसरी, गल्लीत तिसरी. लेकराचा गोंधळ होत नाही का?" उर्दू शाळेत मराठी शिकवताना मी हा प्रश्न बरीच वर्षे ऐकत आले आहे. गेल्या वर्षभरात मात्र तो माझ्याच घरात विचारला गेला. आमचे धाकटे आता दोन वर्षांचे होतील. मोठी मुलगी दहावीत आहे, आणि इतक्या वर्षांनी अल्लाहने घरात पुन्हा बोबडे बोल दिले. माझ्या वहीतल्या नोंदी सांगितल्या तर लहान मूल घरात असलेल्या वाचक भगिनींना, आणि अब्बू लोकांनाही, उपयोग होईल असे वाटते.

आधी आमच्या भिवंडीविषयी. कोकणी मुसलमान इथले जुने रहिवासी. कापडाच्या धंद्यामागे आजमगढ, मऊ, बनारसकडचे विणकर आले. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आले. भोवतालच्या गावांत आगरी समाज आहेच. नारपोलीच्या आमच्या गल्लीत हे सगळे भिंतीला भिंत लावून राहतात. आमच्या घरात उर्दू. दादी आजमगढची, तिची पूरबी बोली. नानी, म्हणजे माझी आई, कोकणी बोलते. शेजारच्या काकू आगरी, आणि समोरच्या घरातल्या आजी तेलुगू. त्यांना गल्लीतली सगळी पोरे 'अम्मम्मा' म्हणतात. याशिवाय यंत्रमागांची खटखट आहेच, ती कोणाचीच भाषा नाही आणि सगळ्यांच्या कानांवर आहे.

मुलाचे शरीर वाढते ते डोळ्यांना दिसते. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढते आणि भूकही कमी होते, म्हणून पुष्कळ आया घाबरतात आणि ताट घेऊन मुलामागे धावतात. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घेतले आणि तक्त्यावरची रेघ वर जात असली, तर या वयात भूक कमी होण्याची काळजी करू नये. बोलण्याची वाढ मात्र काट्यावर मोजता येत नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात मूल काय करू लागते याची चित्रे असतात. आपण ते कार्ड फक्त लशीची तारीख बघायला उघडतो. ती चित्रेही बघत चला.

आमचे धाकटे तेरा महिन्यांचे असताना चालू लागले आणि घरातले काहीच जागेवर राहिले नाही. डब्यांची झाकणे हा त्यांचा पहिला अभ्यास. कोणते झाकण कोणत्या डब्याला बसते हे पाहण्यात अर्धा तास सहज जाई, आणि एखादे बसले की माझ्याकडे बघून टाळी. नंतर सुताचे रिकामे कोन हाती लागले. धुऊन दिले की ते एकावर एक रचायचे, पाडायचे आणि पुन्हा रचायचे. कारखान्यातून उडून आलेला कापसाचा तंतू उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसला की त्याच्यामागे दोन्ही हात वर करून धावायचे. तो हाती लागत नाही, आणि त्याचे त्यांना जराही दुःख नाही.

नमाजच्या वेळी त्यांची जागा ठरलेली आहे. अब्बू सज्द्यात गेले की हे पाठीवर. प्यारे नबी (स.) आपली नात उमामा हिला कडेवर घेऊन नमाज पढत, सज्द्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत, हे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. त्यामुळे आमच्याकडे कोणी रागावत नाही. फातिहा संपली की मोठ्याने 'आमीन' म्हणण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे, कधी कधी दोन आयती आधीच.

आता बोलण्याविषयी. दीड वर्षाचे झाले तेव्हा त्यांचे बोल मोजकेच होते. त्या वयाची नात्यातली दुसरी मुले भराभर बोलत होती. घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी निदान करून टाकले: "इतक्या भाषा कानावर पडतात, बच्चा गडबडून गेलाय. एकच भाषा ठेवा. उर्दू नाही तर सरळ इंग्लिश." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण नानी तिथेच बसली होती. तिला कोकणीखेरीज दुसरे धड बोलता येत नाही. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "मग मी त्याच्याशी काय बोलू?"

या प्रश्नाने मी वही काढली. हजेरीचे जुने कोरे पान घेतले आणि शब्दांची हजेरी मांडली. शब्द कोणता, कोणाशी बोलला, कशासाठी. आठवडाभराने मोजले तर नुसत्या उर्दूचे नऊ शब्द होते. पण कोकणी, पूरबी, आगरी, तेलुगू मिळून तेवीस झाले. कारण ते मांजराला दादीजवळ 'बिल्ली' म्हणत होते आणि काकूंजवळ 'माऊ'. दुधाला आमच्याकडे 'दूदू' आणि अम्मम्माकडे 'पालू'. एका भाषेच्या मापाने मोजले असते तर चौदा शब्द गैरहजर पडले असते.

हा नुसता आईचा लाडका हिशेब नाही. अमेरिकेतल्या मायामी शहरात स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या घरांतल्या लहान मुलांचा अभ्यास झाला, तो 1993 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषांचे शब्द एकत्र मोजले तर ही मुले एकभाषी मुलांच्या बरोबरीने होती. दोन भाषांमुळे बोलणे थांबत नाही, ते दोन घरांत वाटले जाते. आणि मूल 'माऊ गई' असे मिसळून बोलले, तर तो गोंधळ नव्हे. जो शब्द हाताशी आहे तो ते वापरते. आपण मोठेसुद्धा 'टाइम झाला' म्हणतोच की.

समज तर बोलण्याच्या पुष्कळ आधी येते. दादी म्हणते 'आवा', नानी आणि काकू म्हणतात 'ये', अम्मम्मा म्हणते 'रा', मी म्हणते 'आओ'. चारही हाकांना हे साहेब धावत जातात, आणि अंघोळीसाठी बोलावले असेल तर चारही भाषांत उलट्या दिशेने पळतात.

एक गंमत अजून सुटलेली नाही. ते गाडीला 'गारी' म्हणतात. जीभ अजून वळत नाही म्हणून 'ड' चा 'र' झाला, की काकूंच्या आगरी बोलीत गाडीला 'गारी'च म्हणतात म्हणून ते अगदी बरोबर बोलत आहेत? मी मराठीची शिक्षिका असून निकाल देऊ शकत नाही. काकूंनी दिला आहे: "बरोबरच बोलतंय पोर!"

म्हणजे मूल उशिरा बोलले तरी स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. भाषा जास्त आहेत हे कारण सांगून खरी अडचण झाकली जाऊ नये, म्हणून काही खुणा प्रत्येक घरात माहीत हव्यात. एक वर्षाचे मूल बोबडे आवाज काढत नाही, बोटाने दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत सगळ्या भाषा मिळून पन्नास शब्द नाहीत, किंवा 'पानी दे' यासारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. आणि कोणत्याही वयात आलेले बोल गेले. यातले काही दिसले तर 'याचा बापही उशिरा बोलला' असे म्हणत वर्ष घालवू नका. सर्वांत आधी कान तपासून घ्या. मशीनच्या आवाजात राहणाऱ्या आपल्या वस्तीत मूल हाकेला वळले नाही तर आपण आवाजाला दोष देतो आणि ऐकू कमी येत असेल हे लक्षातच येत नाही.

ही तपासणी फुकट होते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासते, आणि ऐकणे व बोलणे हे त्यात येते. पथक कधी येणार ते अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा. पुढची तपासणी लागली तर मुंबईत वांद्र्याला 1983 साली स्थापन झालेली केंद्र सरकारची वाक् व श्रवण संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल नवाब अली यावर जंग यांचे नाव दिलेले आहे. आम्हीही धाकट्याचे कान तपासून घेतले. अलहम्दुलिल्लाह, ठीक निघाले.

मग बोल वाढवायचे कसे? बाजारातले उत्तर आहे मोबाइल. अंक, प्राणी, कलमे, सगळे त्यात आहे आणि मूल गप्पही बसते. अडचण त्या गप्प बसण्यातच आहे. पॅट्रिशिया कुल या अमेरिकन संशोधिकेने 2003 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पालकसभेत नेहमी सांगते. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळे घेतली. काहींशी चिनी भाषा बोलणाऱ्या बाई समोर बसून बारा वेळा खेळल्या, बोलल्या. दुसऱ्यांना त्याच बाई टीव्हीवर दाखवल्या. समोरासमोर ऐकणारी बाळे चिनीतले आवाज ओळखायला शिकली. टीव्हीवाली काहीच शिकली नाहीत. भाषा तीच होती, माणूस समोर नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये सांगितले आहे की, एक वर्षाच्या मुलाला स्क्रीनसमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको.

आमच्या घरात जे चालते ते साधे आहे. लूम चालू असताना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बोलले तर मुलाला नुसता आवाज कळतो, शब्द कळत नाही. म्हणून खाली बसायचे, तोंड त्याच्या तोंडासमोर आणायचे, मग बोलायचे. वीज गेली की सगळी गल्ली एकदम शांत होते. आमचे धाकटे बोट वर करून 'बंद!' असे जाहीर करतात. ती पंधरा-वीस मिनिटे मी वाया जाऊ देत नाही. मेथी निवडता निवडता, कपडे घड्या करता करता बोलत राहते. त्याने 'पानी' म्हटले तर 'हां, ठंडा पानी' म्हणून एक शब्द आपण वाढवायचा. काही विचारले तर मनात दहापर्यंत मोजून थांबायचे. आपण फार लवकर उत्तर देऊन टाकतो. आणि चुकीचे बोलले तर 'असं नाही' म्हणून टोकायचे नाही, बरोबर शब्द आपल्या वाक्यात सहज ऐकवायचा.

आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलायचे. इंग्लिश धड न येणाऱ्या आईने मुलाशी तुटक इंग्लिश बोलण्यापेक्षा आपल्या बोलीत भरपूर बोलावे. गोष्ट, रुसवा, दुआ, लाड, रागावणे, हे सगळे आपल्याला आपल्याच भाषेत येते. वर्गातही माझा अनुभव हाच आहे. ज्या मुलाकडे स्वतःच्या बोलीचा साठा मोठा असतो ते मराठी लवकर उचलते, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते.

नानीला मी ते तेवीस शब्दांचे पान वाचून दाखवले. त्यातले पाच तिचे होते. तिने प्रत्येक शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि बोटांवर मोजला. त्या दिवसापासून ती त्याला अंगणात घेऊन बसते आणि आपल्या लहानपणाच्या गोष्टी कोकणीत सांगते. त्याला किती कळते ते अल्लाह जाणे, पण तो तिच्या ओठांकडे बघत बसतो.

गेल्या महिन्यात तो दोन शब्द जोडू लागला. 'और दे', 'अब्बू गये', 'माऊ नाय'. वहीत आता शंभराच्या वर हजेरी आहे आणि मला लिहायला वेळ पुरत नाही. ज्यांच्या घरी या वयाचे मूल आहे त्यांनी आजच एक पान घ्यावे, त्यावर अम्मी, अब्बू, दादी, नानी आणि शेजार असे रकाने आखावेत आणि आठवडाभर शब्द लिहावेत. पान डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल. आणि कोणाचा रकाना अगदी रिकामा दिसला, तर त्या माणसाला मुलाजवळ रोज थोडा वेळ बसायला सांगा.